जन नाट्य मंच आणि रस्त्यावरची मोफत नाटकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘जनम’ म्हणजे नक्की काय?

दिल्लीतला नाटकवाल्यांचा गट. पूर्ण नाव जन नाट्य मंच, सुरुवात 1973 ची, आणि अजून चालू आहे. कारखान्याच्या गेटवर, वस्तीत, बाजारात, कॉलेजच्या आवारात, जिथं चार माणसं थांबतील तिथं हे लोक गोल करून नाटक करतात. तिकीट नाही, पास नाही, राखीव खुर्च्या नाहीत, खुर्च्याच नाहीत. आजवर आठ हजारांच्या वर प्रयोग झालेत आणि त्यातले बहुतेक उघड्यावर. करणारे जवळजवळ सगळे नोकरी, शिक्षण, घर सांभाळून येणारे, कामाचे पैसे न घेणारे. हौशीच म्हणा, पण हौशी या शब्दाला आपल्याकडे जो ‘जमलं तर करू’ असा वास आहे तो इथं चालणार नाही, ते पुढं येईलच.

नावाचा अर्थ काय?

जन, नाट्य, मंच या तिघांची पहिली अक्षरं, ज + ना + म, त्याचं बोलता बोलता जनम झालं. जनम म्हणजे जन्म, हाही अर्थ आहेच.

पहिल्या दिवसापासून रस्त्यावरच करायचे का?

नाही, आणि बऱ्याच जणांचा इथंच गैरसमज होतो. सुरुवातीची पाच वर्षं हे चांगली मोठी, दोन-अडीच तासांची नाटकं करायचे. फक्त थिएटरात न करता वस्त्यांमध्ये, मैदानात, गावात तात्पुरता मंच बांधून करायचे. त्यांचं सुरुवातीचं नाटक उत्पल दत्त यांच्या बंगाली नाटकावरून घेतलेलं होतं, मग सर्वेश्वर दयाल सक्सेना यांचं ‘बकरी’ केलं, ते खूप गाजलं. तेव्हाचे बरेच जण विद्यापीठातले विद्यार्थी, इप्टाच्या (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, डाव्या चळवळीतली नाट्यसंघटना) परंपरेतून आलेले. सफदर हाश्मी त्यांच्यातलेच एक, जन्म 12 एप्रिल 1954, दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजमधून इंग्रजीत एमए.

रस्त्यावरच्या छोट्या नाटकाची चुणूक मात्र आधीच दिसली होती. 12 जून 1975 ला अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली तेव्हा यांनी ‘कुर्सी कुर्सी कुर्सी’ नावाचं छोटं प्रहसन बसवलं आणि दिल्लीतल्या बोट क्लबच्या हिरवळीवर केलं. राजा उठतो तर खुर्ची त्याच्याबरोबरच उठते, एवढीच कल्पना, पण लोकांना एका क्षणात कळायची. त्याच महिन्यात आणीबाणी आली आणि उघड्यावर असलं काही करणं बंदच झालं.

मग मोठी नाटकं सोडून पथनाट्याकडे का वळले?

पैसे नव्हते. खरंच एवढं साधं कारण आहे, आणि मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

1977 ला आणीबाणी उठली, गट पुन्हा जमला, पण ज्या कामगार संघटना आणि किसान सभा पूर्वी यांना बोलवायच्या त्या आता स्वतःच खंक झालेल्या. मंच, मांडव, लाइट, टेम्पो, एवढ्या लोकांचं जेवणखाण, हे सगळं मिळून एका प्रयोगाचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेर गेला. तेव्हा बसून विचार झाला की मोठं नाटक लोकांपर्यंत नेता येत नाही तर छोटं नेऊ, जे कुठंही होईल, ज्याला काही लागणार नाही, पण असलं नाटक आणायचं कुठून, तयार संहिता तर मिळेना, म्हणून स्वतःच लिहायचं ठरलं. त्यातून ऑक्टोबर 1978 मध्ये ‘मशीन’ आलं. लिहिलं सफदर हाश्मी आणि राकेश सक्सेना यांनी.

म्हणजे आज आपण ज्याला पथनाट्याची शैली म्हणून वर्कशॉपमध्ये शिकवतो, नेपथ्य नाही, लाइट नाही, वेळ कमी, ती कुणी सौंदर्यशास्त्र म्हणून शोधलेली नव्हती. खिसा रिकामा होता आणि नाटक थांबवायचं नव्हतं, या दोन्हीच्या मध्ये जे सापडलं ते हे.

‘मशीन’मध्ये असं काय आहे?

नाटक जेमतेम 13 मिनिटांचं. दिल्लीजवळच्या एका कारखान्यात कामगारांच्या दोन मागण्या होत्या, सायकली लावायला स्टँड आणि चहा प्यायला कँटीन. तेवढ्यावरून प्रकरण पेटलं, कारखान्याच्या गार्डांनी गोळ्या झाडल्या आणि सहा कामगार मेले. ही बातमी ऐकून नाटक लिहिलं गेलं.

सुरुवात अशी: कलाकार गोलात येतात, एकमेकांना जोडून उभे राहतात आणि हातापायांनी, तोंडाने आवाज काढत एक मशीन तयार होतं. धडधड चालू असते, आणि मध्येच ते बंद पडतं. सूत्रधार विचारतो, काय झालं, मशीन का थांबलं? मग त्याच मशीनमधून एकेक जण सुटून बाहेर येतो, एक कामगार, एक मालक, एक गार्ड, आणि आपापलं सांगू लागतो.

एकही वस्तू लागत नाही आणि तरी समोर कारखाना उभा राहतो. नोव्हेंबर 1978 मध्ये दिल्लीत तालकटोरा स्टेडियमला देशभरच्या कामगार संघटनांची परिषद होती, तिथं हा प्रयोग झाला आणि मग ठिकठिकाणहून आलेल्या प्रतिनिधींनी हे नाटक आपापल्या गावी नेलं, आपापल्या भाषेत केलं. कुणी हक्क विचारत बसलं नाही, विचारावं अशी जनमची अपेक्षाही नव्हती.

पथनाट्य हा प्रकार यांनीच काढला का?

नाही हो. मराठी माणसाने तर हा प्रश्न विचारूच नये इतकं आपल्याकडं आहे. सत्यशोधक जलसे, मग आंबेडकरी जलसे, 1940 च्या दशकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक. इप्टाची स्थापनाच मुंबईतली, 25 मे 1943. तमाशाचा फड तर त्याच्याही कितीतरी आधीपासून उघड्यावर आहे. कोलकात्यात नाटककार बादल सरकार आणि त्यांची ‘शताब्दी’ ही नाट्यसंस्था 1970 च्या दशकात कर्झन पार्कात मोकळ्या जागेत नाटक करत होती. आणि आपल्याकडं स्त्रीमुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं, 1983 पासून वस्त्या आणि गावं पालथी घालत होतं.

जनमचं वेगळेपण असं की त्यांनी सातत्य ठेवलं, एकाच शहरात, वर्षानुवर्षं, दर आठवड्याला, आणि उत्तर भारतात ‘नुक्कड नाटक’ हा शब्द घराघरात नेला.

फुकट करायचं तर खर्च कसा भागतो?

प्रयोग संपला की एक चादर धरून कलाकार लोकांमध्ये फिरतात. ज्याला वाटेल तो टाकतो, नाही वाटलं तर नाही. शिवाय मित्रमंडळींच्या देणग्या, प्रयोगाला बोलावणाऱ्या संघटनांनी जमेल तो दिलेला प्रवासखर्च. सरकारी अनुदान, मोठ्या कंपन्यांची स्पॉन्सरशिप, परदेशी फंड यावर त्यांनी गट उभा केला नाही.

चादरीबद्दल एक सांगायचंय. तिच्यात पडणारे पैसे प्रयोगाच्या *नंतर* पडतात हे फार महत्त्वाचं आहे. तिकीट काढलेला माणूस नाटक वाईट असलं तरी इंटरव्हलपर्यंत बसतो कारण पैसे दिलेत. इथं उलट आहे, आधी नाटक पटलं पाहिजे. मी कॉलेजात असताना आमच्या ग्रुपबरोबर पथनाट्य केलंय, प्रयोग झाल्यावर एका आजींनी कनवटीची पुरचुंडी सोडून त्यातलं एक नाणं झोळीत टाकलं होतं, त्यानंतर कितीतरी स्पर्धांची बक्षिसं मिळाली पण ते नाणं विसरलो नाही.

मोफत आणि रस्त्यावर म्हणजे दर्जा जरा कमीच ना?

हा प्रश्न थिएटरवाल्यांकडूनच जास्त येतो. नीट बघितलं तर उलट आहे.

बंद थिएटरात प्रेक्षक अंधारात असतो, समोर असतो, गप्प असतो. गोलात चारही बाजूंनी माणसं, भर उजेडात, एकमेकांना बघणारी. तुमची पाठ कुणाकडे तरी असणारच, म्हणून पाठीनंही अभिनय करावा लागतो आणि सतत फिरत राहावं लागतं, म्हणजे प्रत्येक बाजूला काहीतरी मिळतं. विंग नाही, त्यामुळं ज्याचं काम नाही तो कडेला लोकांबरोबरच बसतो आणि तिथूनच एन्ट्री घेतो. माईक नसतो, बाजूनं ट्रक जातो, कुत्रं मध्ये येतं, पुढं बसलेली पोरं कलाकाराची पँट ओढतात. कपडे सगळ्यांचे सारखे, मग पात्र बदललं हे कळणार कसं? डोक्याला फडकं बांधलं की कामगार, तेच खांद्यावर टाकलं की पुढारी, आवाज आणि उभं राहण्याची ढब बदलली की पोलीस. आणि हे सगळं अर्ध्या तासाच्या आत, कारण लंच टाइम तेवढाच असतो आणि भोंगा झाला की प्रेक्षक आत जाणार.

सगळ्यात अवघड म्हणजे बघणारा माणूस कुठल्याही क्षणी निघून जाऊ शकतो. त्याला कुणी बोलावलेलं नाही, तो भाजी घ्यायला निघालाय. त्याला डफाच्या आवाजाने थांबवायचं आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटं धरून ठेवायचं, यासाठी जी तालीम लागते ती कमी दर्जाच्या कामाला लागत नाही.

नाटकांचे विषय कोण ठरवतं? ताज्या घटनेवर लगेच नाटक कसं होतं?

एकत्र बसून. एखादा लिहितो, बाकीचे फाडतात, तालमीत पुन्हा बदलतं, त्यामुळं बऱ्याच नाटकांवर लेखक म्हणून गटाचंच नाव असतं. 1979 ला दिल्लीत बसभाडं वाढलं तेव्हा ‘डीटीसी की धांधली’ (डीटीसी म्हणजे दिल्लीची सरकारी बससेवा) लगोलग लिहून, बसवून बस स्टॉपवरच करायला सुरुवात केली. रांगेत उभ्या माणसाला कालच वाढलेल्या भाड्यावरचं नाटक आज तिथंच बघायला मिळतं, हे दुसऱ्या कुठल्या नाट्यप्रकाराला जमेल? अर्थात अशी सगळी नाटकं टिकत नाहीत, ती त्या आठवड्यासाठीच असतात आणि तसं असायला काही हरकत नाही. जी टिकली तीही बरीच आहेत, ‘गांव से शहर तक’, ‘हत्यारे’, ‘राजा का बाजा’, ‘अपहरण भाईचारे का’.

‘औरत’मध्ये एकच स्त्री कलाकार का आहे?

तेव्हा गटात बायका फारच कमी होत्या म्हणून. 1979 मध्ये कामकरी स्त्रियांच्या एका परिषदेसाठी हे नाटक लिहिलं, एक बाई आणि बाकी सगळे पुरुष अशी रचना धरूनच. ती एकटी मुलगी होते, बायको होते, कॉलेजची विद्यार्थिनी होते, कामगार होते, आणि तेच पुरुष तिचा बाप, नवरा, गुंड, मालक होत राहतात. अडचण होती पण त्यातूनच नाटकाचा अर्थ गडद झाला. सफदर यांच्या पत्नी मोलोयश्री हाश्मींनी ही भूमिका वर्षानुवर्षं केली आणि देशातल्या किती भाषांत, किती गटांनी ‘औरत’ उचललं याला गणती नाही.

1 जानेवारी 1989 ला काय झालं?

नोव्हेंबर 1988 मध्ये दिल्ली परिसरातल्या औद्योगिक कामगारांनी सात दिवसांचा संप केला होता, 22 ते 28 तारीख. त्यासाठी जनमने ‘चक्का जाम’ नावाचं नाटक केलं. संपानंतर त्यातच भर घालून ‘हल्ला बोल’ झालं. दिल्लीला लागून असलेल्या गाझियाबादला नगरपालिकेच्या निवडणुका होत्या आणि साहिबाबाद औद्योगिक भागातल्या झंडापूरमध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या उमेदवारासाठी प्रयोग लावला होता. रविवार सकाळ, थंडी, कामगारांची वस्ती.

प्रयोग सुरू झाल्यावर विरोधी उमेदवाराचा ताफा आला, रस्ता द्या म्हणाले. सफदरनी पुढं होऊन सांगितलं की नाटक संपेपर्यंत थांबा किंवा दुसऱ्या वाटेनं जा. त्यावर लाठ्या आणि लोखंडी रॉड घेऊन हल्ला झाला, गोळ्या झाडल्या गेल्या. राम बहादूर नावाचा नेपाळहून आलेला कामगार गोळी लागून जागीच गेला. त्याचं नाव नेहमी मागं राहतं, म्हणून इथं मुद्दाम आधी लिहिलं. कलाकार जवळच्या युनियन ऑफिसमध्ये शिरले, बाकीच्यांना मागच्या बाजूनं निसटता यावं म्हणून सफदर दार धरून उभे राहिले. हल्लेखोरांनी त्यांना बाहेर ओढून डोक्यावर मारलं. 2 जानेवारीच्या रात्री दिल्लीच्या हॉस्पिटलमध्ये ते गेले. वय 34.

त्यानंतर नाटक खरंच पुन्हा त्याच जागी केलं?

हो. 4 जानेवारीला. अंत्यसंस्कार होऊन एक दिवस झाला होता. मोलोयश्री आणि बाकी सगळे त्याच झंडापूरला, त्याच जागेवर गेले आणि अर्धवट राहिलेलं ‘हल्ला बोल’ पहिल्यापासून शेवटपर्यंत केलं, हजारो लोक बघायला उभे होते. मोलोयश्री स्वतः त्यात होत्या, नवरा जाऊन दोन दिवस झालेले.

मी याबद्दल खूप वेळा विचार केलाय. भाषण देता आलं असतं, मोर्चा काढता आला असता, ते झालंही. पण ते नाटकवाले होते, त्यांचा प्रयोग मध्येच तोडला होता, आणि तिथल्या कामगारांनी नाटकाचा शेवट बघितला नव्हता. तो दाखवायचा राहिला होता म्हणून दाखवला.

गुन्हेगारांना शिक्षा झाली का?

झाली, पण 2003 साली, म्हणजे 14 वर्षांनी. गाझियाबादच्या कोर्टाने मुख्य आरोपीसह दहा जणांना दोषी ठरवून जन्मठेप दिली. इतकी वर्षं साक्षीला जात राहणाऱ्या साध्या माणसांचं मला फार वाटतं.

12 एप्रिलला पथनाट्य दिन का असतो?

सफदरचा वाढदिवस म्हणून. 1989 पासून देशभर त्या दिवशी पथनाट्यं होतात. आणि दर वर्षी 1 जानेवारीला जनम झंडापूरला जाऊन प्रयोग करतं.

जनम म्हणजे सफदरच ना? ते गेल्यावर उरलं काय?

असं समजणं सफदरवरच अन्याय आहे. सगळं आयुष्य त्यांनी गटानं काम करायच्या पद्धतीसाठी घातलं, सरकारी नोकरी सोडून पूर्णवेळ यात आले, लहान मुलांसाठी कविता लिहिल्या, लेख लिहिले, तरुणांना शिकवलं. गट त्यांच्याभोवती फिरत असता तर 1989 लाच संपला असता. त्यानंतर तीन दशकांहून जास्त काळ नवी पोरं येतायत, नवी नाटकं होतायत. स्त्रियांवरच्या हिंसेवर ‘ये भी हिंसा है’ झालं, पॅलेस्टाइनच्या जेनिनमधल्या फ्रीडम थिएटरबरोबर एकत्र नाटक बसवून 2016 च्या सुरुवातीला वेगवेगळ्या शहरांत नेलं.

हे लोक स्टेजवर कधीच नाटक करत नाहीत का?

करतात की. 1988 मध्ये नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर यांनी यांच्याबरोबर ‘मोटेराम का सत्याग्रह’ बसवलं, प्रेमचंदांच्या कथेवरून. 1990 च्या दशकात ‘सफर’ नावाचं घडी घालून नेता येईल असं फिरतं थिएटरही केलं. रस्ता आणि रंगमंच यात भांडण लावायचं काम समीक्षकांनी जास्त केलंय.

पण हा सरळ सरळ पक्षाचा प्रचार नाही का?

डाव्या चळवळीशी, कामगार संघटनांशी नातं त्यांनी कधी लपवलं नाही, बॅनरवर, भाषणात, नाटकात सगळीकडे दिसतं. तुम्हाला ते राजकारण पटेल किंवा नाही पटणार. काही नाटकं मलाही नुसती घोषणा वाटतात, पात्रं इतकी सपाट की मालक आला की त्याने खदाखदा हसायचंच. पण ‘औरत’ किंवा ‘मशीन’ वाचा, त्यात माणूस दिसतो, विनोद दिसतो, गाणं दिसतं. नाटकाला बाजू असणं हा दोष नाही, बाजू घेतल्यावर तालीम कमी करणं हा दोष आहे.

आता त्यांना कुठं भेटता येईल?

पश्चिम दिल्लीत शादीपूर भागात ‘स्टुडिओ सफदर’ आहे, 12 एप्रिल 2012 ला सुरू झालेला. लोकांनी दिलेल्या पैशातून उभा राहिलाय. साधी, लवचिक जागा आहे, दुसऱ्या गटांनाही तालमीला आणि प्रयोगाला मिळते. शेजारीच ‘मे डे’ नावाचं पुस्तकांचं दुकान, त्याच वर्षी 1 मे ला उघडलेलं.

आम्हाला कॉलेजात पथनाट्य करायचंय, यांच्याकडून काय घ्यावं?

आधी जागा बघून या, मग लिहा. तिथं आवाज किती असतो, ऊन कुठून येतं, लोक कुठल्या वेळी थांबू शकतात, हे कागदावर कळत नाही. पंचवीस मिनिटांच्या वर जाऊ नका. पहिल्या मिनिटात काहीतरी *घडलं* पाहिजे, भाषण नको. सगळ्यांनी काळे कुर्ते घालून ओरडत गोल धावायचं आणि शेवटी हात वर करून थिजायचं, असं जे स्पर्धांमध्ये झालंय ते कृपा करून करू नका, त्यात विषय कुठलाही घातला तरी नाटक तेच राहतं. गाणं ठेवा, आपल्याकडं हलगी आहे, डफ आहे, पोवाडा आहे. आणि प्रयोग झाला की लगेच टेम्पोत बसून निघू नका, तिथं थांबा. लोक येऊन बोलतात, कुणी म्हणतं आमच्याकडं असं नसतं, कुणी शेवट चुकलाय म्हणतं. पुढच्या रविवारचं नाटक त्यातूनच दुरुस्त होतं.